घरी बांधलेल्या किट कारवर बॉडी आणि दिवे कसे बसवावेत

चासी तयार झाली, इंजिन सुरू झाले आणि गाडी स्वतःच्या चाकांवर शेडमधून अंगणात आली, की आता फक्त वरचा पत्रा चढवायचा राहिला असे घरी गाडी बांधणाऱ्याला वाटू लागते. माझा अनुभव याच्या उलट आहे. सर्वांत जास्त वेळ याच टप्प्यावर जातो आणि दुरुस्त न होणाऱ्या चुकाही इथेच होतात, कारण बॉडी हे एक काम आणि दिवे हे दुसरे काम अशी विभागणी करून आपण आधी बॉडी पक्की करतो आणि नंतर दिव्यांसाठी जागा शोधत बसतो. दिवा जमिनीपासून किती उंच असावा, तो बाजूने कुठपर्यंत दिसावा, त्याची वायर कुठून न्यावी आणि बल्ब बदलण्यासाठी हात कुठून घालावा, हे बॉडीला पहिले भोक पाडण्याआधी ठरलेले असले पाहिजे.

हे मार्गदर्शन लोटस सेव्हन या धाटणीच्या गाडीसाठी आहे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली बाजारात आणलेली ती गाडी इंग्लंडमध्ये सुट्या भागांच्या रूपात मिळत असे, आणि तिची रचना इतकी साधी होती की जगभरचे हौशी लोक आजही तिच्याच आराखड्यावर गाड्या बांधतात. चौकोनी नळ्यांची वेल्डिंग केलेली चासी, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि नाक, मडगार्ड व पुढच्या काचेखालचा काऊल फायबरग्लासचा, अशी ही रचना आहे. तुमची गाडी निराळी असली तरी कामाचा क्रम बहुतांशी हाच राहील.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ३९व्या कलमानुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६वा नियम वाहनाच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी मागतो. पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही त्यांपैकी एक संस्था आहे. म्हणून गाडी कुठे चालवायची आहे हे आधी ठरवावे आणि परिवहन खात्याच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारावे. गाडी केवळ स्वतःच्या बागायतीत किंवा बंद आवारात फिरणार असली तरीही दिव्यांची मापे नियमांप्रमाणेच ठेवावीत असा माझा आग्रह आहे, कारण ती मापे दुसऱ्या माणसाला आपली गाडी वेळेवर दिसावी यासाठीच ठरवलेली आहेत.

गोव्याची हवा आणि कामाचा हंगाम

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शिवाय समुद्रावरून येणारी खारट हवा आहे. अशा हवेत पाडलेले प्रत्येक भोक गंजाला वाट करून देते, आणि दोन वेगळे धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथे खारट ओल आली की त्यांतला एक धातू खाल्ला जातो. लोखंडी नळीवर ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला तर ॲल्युमिनियम खाल्ले जाते, रंगाखाली पांढरी भुकटी साचते आणि रिव्हेटच्या भोवती फोड येतात. कोरड्या प्रदेशात बांधलेल्या गाडीत जी ढिलाई दहा वर्षे खपून जाते, ती पणजी किंवा वास्कोसारख्या ठिकाणी दोन पावसाळ्यांत उघडी पडते.

फायबरग्लासचे काम शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. पावसाळ्यात काचेच्या धाग्यांची मॅट हवेतली ओल धरते, तिच्यात मुरून घट्ट होणारे रेझिन तिला नीट चिकटत नाही आणि थरात पांढुरके डाग राहतात. पत्रा चिकटवण्यासाठी जे पॉलियुरेथेन सीलंट वापरतात त्याचे मात्र उलट आहे. ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते, त्यामुळे आपल्याकडे ते डब्यावर लिहिल्यापेक्षा लवकर धरते आणि पत्रा सरळ करायला हाताशी कमी वेळ मिळतो. ज्या पृष्ठभागावर ते लावायचे तो मात्र पूर्ण कोरडा हवा.

फायबरच्या कामात अडचण आली तर गाड्यांच्या गॅरेजपेक्षा होड्या बांधणाऱ्यांकडे जावे. मालीम, शापोरा, कुटबण या धक्क्यांवर ज्या होड्या उभ्या असतात त्यांतल्या कितीतरी आता फायबरच्या आहेत, आणि त्यांची डागडुजी करणाऱ्या मेस्तांना खाऱ्या पाण्यात काय टिकते याची जी जाण असते ती पुस्तकात सापडत नाही. मला बॉनेटच्या कडा आतून जाड करण्याची पद्धत अशाच एका मेस्तांनी शिकवली. कडेपासून आत दोन इंचांची पट्टी पॉलिश पेपरने खरबरीत करायची, ॲसिटोनने पुसायची आणि चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचे दोन थर एकामागोमाग द्यायचे, पहिला थर पूर्ण सुकू न देता. हार्डनर वजनाने एक ते दोन टक्के घालतात, आणि दुपारच्या उकाड्यात एक टक्क्याच्या जवळ राहिलेले बरे. आपल्याकडे रेझिन, कोबाल्ट (घट्ट होण्याला वेग देणारे द्रव्य) आणि हार्डनर अनेकदा तीन वेगळ्या बाटल्यांत मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावे आणि त्यानंतरच हार्डनर घालावा. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नयेत, त्यांचा भडका उडतो. फायबर घासताना तोंडावर मास्क आणि अंगावर पूर्ण बाह्यांचा शर्ट असावा.

आधी सगळे नुसते ठेवून पाहणे

गाडी सपाट फरशीवर, स्वतःच्या चाकांवर आणि नेहमीच्या हवेच्या दाबाने उभी करावी. आमच्या अंगणातली फरशी डोळ्यांना सपाट दिसत होती, पण गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी लावून पाहिली तेव्हा चार चाकांत १४ मिलिमीटरचा फरक निघाला. तो चाकांखाली प्लायवुडचे तुकडे सरकवून काढून टाकला. मग चासीच्या पुढच्या आणि मागच्या मध्यबिंदूंवरून ओळंबा सोडून फरशीवर खुणा कराव्यात आणि त्या दोन खुणांवरून खडूची दोरी मारावी. बॉडीचा प्रत्येक भाग या मध्यरेषेवरून मोजायचा. चासीच्या नळीवरून मोजू नये, कारण घरी वेल्डिंग केलेली चासी दोन-तीन मिलिमीटर तरी ओढली गेलेली असते आणि ती तिरकस मापे पुढे नाकापर्यंत वाढत जातात.

आता काऊल, नाक, बॉनेट, चारही मडगार्ड आणि मागची पेटी हे सगळे भाग एकही भोक न पाडता, मास्किंग टेप, लाकडी ठोकळे आणि क्लॅम्प यांच्या आधाराने जागेवर ठेवावेत. नाक आणि काऊल आधी, बॉनेट शेवटी. बॉनेट नेहमी जरा मोठे येते आणि ते कापून या दोघांमध्ये बसवायचे असते, म्हणून ती दोन टोके पक्की झाल्याशिवाय बॉनेटला करवत लावू नये. फटी एकसारख्या राहण्यासाठी ४ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या कापून मध्ये अडकवाव्यात. फायबरचा भाग साच्यातून नवा निघालेला असेल तर तो आठवडाभर तरी जागेवर आधार देऊन ठेवावा, कारण ताजे फायबर आधाराशिवाय भिंतीला टेकवून ठेवले तर वाकते आणि त्याच वाकात घट्ट होते.

मडगार्डची जागा चाक सरळ असताना ठरवण्याची चूक फार लोक करतात. स्प्रिंग काढून घ्यावी, चाकाखाली जॅक लावून ते बंप स्टॉपला, म्हणजे चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबराला, टेकेपर्यंत वर उचलावे, आणि त्या अवस्थेत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. टायर आणि मडगार्ड यांच्यात सगळीकडे किमान ४० मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजे. पुढच्या नाकाची खालची कडा ठरवताना मी एक स्थानिक परीक्षा सुचवेन. दिवाडी किंवा चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीच्या उताराचा कोन डोळ्यांसमोर आणावा, तेवढ्या तिरक्या फळीवर गाडी हाताने ढकलून न्यावी आणि नाक टेकते का ते पाहावे. फेरीच्या फळीवर नाक फुटले की ते जुळवणे अवघड जाते.

याच वेळी, भाग अजून टेपवर असताना, दिवे आणून धरावेत. दिव्यांच्या मापांसाठी भारतात एआयएस-००८ हे मानक आहे, आणि संयुक्त राष्ट्रांचा ४८ क्रमांकाचा नियम जगभर याच कामासाठी वापरला जातो. त्या नियमातली जी मापे या गाडीला अडतात तेवढीच सांगतो. लो बीमच्या, म्हणजे खाली पडणाऱ्या जवळच्या उजेडाच्या, दिव्याची खालची कडा जमिनीपासून किमान ५०० मिलिमीटर आणि वरची कडा कमाल १२०० मिलिमीटरवर असावी, आणि त्याची बाहेरची कडा गाडीच्या सर्वांत बाहेरच्या टोकापासून ४०० मिलिमीटरपेक्षा आत नसावी. इंडिकेटर आणि मागचे टेल लाइट ३५० मिलिमीटरपेक्षा खाली येऊ नयेत. मागचे लाल रिफ्लेक्टर २५० ते ९०० मिलिमीटरच्या दरम्यान असावेत आणि ते त्रिकोणी नसावेत, कारण त्रिकोण ट्रेलरसाठी राखलेला आहे. या उंच्या गाडी रिकामी असताना मोजतात.

सेव्हनसारख्या बुटक्या आणि उघड्या चाकांच्या गाडीत ही मापे सहज चुकतात. हेडलाइट नाकाजवळ घेतले तर ते फार आत जातात. चाकाच्या मडगार्डमागे इंडिकेटर लावला तर बाजूने येणाऱ्याला तो दिसतच नाही, आणि इंडिकेटर बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत व आतल्या बाजूला ४५ अंशांपर्यंत दिसला पाहिजे. यासाठी इंडिकेटरच्या जागी एक खिळा ठोकलेली फळी धरावी, खिळ्याला दोरी बांधावी आणि शाळेतल्या कोनमापकाने ८० अंशांवर दोरी ताणून पाहावी. दोरी मडगार्डला घासत असेल तर दिवा हलवावा लागेल. मला या परीक्षेमुळे पुढचे इंडिकेटर नाकावरून उचलून हेडलाइटच्याच ब्रॅकेटवर न्यावे लागले, आणि नाकाला पाडायची दोन भोके वाचली. मागच्या पेटीवर नंबरप्लेटसाठी ५०० गुणिले १२० मिलिमीटरची सपाट जागा आणि तिच्यावर पांढरा दिवा बसेल एवढी ओठाळी आत्ताच राखून ठेवावी.

पत्रा बसवणे

बाजूच्या पत्र्यासाठी ५०५२ जातीचे १.२ मिलिमीटर ॲल्युमिनियम चांगले. ते साध्या ॲल्युमिनियमपेक्षा खाऱ्या हवेत अधिक टिकते. आधी फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापावा, चासीवर धरून दुरुस्त करावा आणि मगच पत्र्यावर आखावा. कापलेल्या कडा कानशीने गोल कराव्यात. गाडीच्या बाहेरच्या अंगाला जिथे माणसाचा हात किंवा पाय लागू शकतो तिथल्या कडेची गोलाई २.५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, आणि पातळ पत्र्याला इतकी गोलाई देता येत नाही, म्हणून तिथे कडा आत वळवावी किंवा रबरी पट्टी चढवावी.

चासीच्या नळ्यांवर रंग पूर्ण असला पाहिजे. पत्रा टेकणाऱ्या प्रत्येक नळीवर पॉलियुरेथेन सीलंटची अखंड रेघ ओढावी. ती चिकटवण्याचे काम करते आणि दोन धातूंना एकमेकांपासून वेगळेही ठेवते. ४ मिलिमीटरच्या पॉप रिव्हेटसाठी ४.१ मिलिमीटरचे भोक पाडावे, रिव्हेटमधले अंतर ५० मिलिमीटर ठेवावे, आणि बंद तोंडाचे रिव्हेट वापरावेत. साध्या रिव्हेटच्या पोटात राहणारी लोखंडी काडी गंजते आणि पत्र्यावरून तांबूस ओघळ येतात, शिवाय त्याच्या मधल्या भोकातून पाणी नळीत उतरते. भोक पाडल्यावर नळीच्या उघड्या पडलेल्या लोखंडाला झिंक प्रायमर लावल्याशिवाय रिव्हेट ओढू नये. हे काम कंटाळवाणे आहे, एका बाजूला साठ-सत्तर भोके होतात, तरीही एकही सोडू नये.

रिव्हेट पत्र्याच्या मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे न्यावेत. टोकांकडून आत आलो तर मध्ये फुगवटा राहतो आणि तो नंतर जात नाही. इथे उन्हाचा उपयोग करून घेता येतो. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. २ मीटर लांबीचा पत्रा ४० अंशांनी तापला तर तो खालच्या लोखंडापेक्षा जवळजवळ ०.९ मिलिमीटर जास्त वाढतो, आणि म्हणूनच सकाळच्या गारव्यात ताणून बसवलेला पत्रा दुपारी उन्हात ढोलासारखा उचलला जातो. चासी सावलीत ठेवावी, पत्रा अंगणात उन्हात तापू द्यावा, आणि तापलेलाच आणून पटकन बसवावा. थंड झाल्यावर तो ताणलेल्या चामड्यासारखा सपाट राहतो. यासाठी तीन माणसे लागतात आणि सगळी भोके आधी पाडून, तात्पुरत्या क्लेको पिनांनी (रिव्हेटच्या भोकात बसणाऱ्या, काढता येणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) जुळवून, पुन्हा काढून ठेवलेली असावी लागतात.

फायबरचे भाग बसवणे

फायबरमध्ये भोक नेहमी जेलकोटच्या, म्हणजे चकचकीत बाजूने पाडावे. वर मास्किंग टेप लावावी, ड्रिल आधी काही क्षण उलटे फिरवून जेलकोट खरवडून काढावा आणि मग सरळ फिरवून पार करावे. आतून भोक पाडले तर बाहेरच्या बाजूला टवका उडतो. भोक कडेपासून किमान २० मिलिमीटर आत असावे. ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ८ मिलिमीटरचे भोक ठेवावे, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर आणि फायबरकडे रबरी वॉशर द्यावा, आणि नायलॉकचा नट रबर जरा दबेपर्यंतच आवळावा. माझ्या पहिल्या बॉनेटला मी चारही भोके बोल्टच्या मापाची घट्ट पाडली होती आणि पान्याचा पूर्ण जोर लावला होता. महिनाभरात प्रत्येक भोकाभोवती चांदणीसारख्या भेगा पसरल्या, कारण चासी पिळवटते तेव्हा फायबरला सरकायला जागाच नव्हती. त्या भेगा वरून पुट्टी भरून जात नाहीत. जेलकोट व्ही आकारात कोरून, मागून नवी मॅट देऊन, पुन्हा भरावे लागते.

बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. ३०४ जातीचे स्वस्त पडतात, पण किनाऱ्याजवळ त्यांवर तपकिरी डाग येतात. जिथे स्टेनलेस बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो तिथे नायलॉनचा वॉशर आणि सीलंट हवेच. सायलेन्सर आणि फायबर यांच्यात किमान ५० मिलिमीटर मोकळी जागा आणि मध्ये पत्र्याचे उष्णतारोधक आवरण ठेवावे. रंगाबद्दल इतकेच सांगतो की साच्यातले मेण पूर्ण धुतल्याशिवाय फायबरवर रंग धरत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात काळे बॉनेट इतके तापते की साधे पॉलिस्टर रेझिन मऊ पडून मधोमध खचू शकते, म्हणून मी फिकट रंगाच्या बाजूने आहे.

दिव्यांची वायरिंग

नेहमीच्या लोखंडी गाडीत दिव्याची परतीची वायर बॉडीलाच जोडलेली असते. फायबरमधून वीज वाहत नाही, आणि सीलंट लावलेल्या पत्र्यावरही विसंबता येत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थिंगची वायर, आणि ती पुरवठ्याच्या वायरएवढीच जाड, असा नियम करावा. पुढे एक आणि मागे एक असे दोन बोल्ट चासीला वेल्ड करून घ्यावेत, त्यांच्यावरचा रंग खरवडावा, सगळ्या अर्थिंगच्या वायरी तिथे आणाव्यात, नट आवळल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस द्यावे. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटू लागला, किंवा इंडिकेटरबरोबर टेल लाइट लुकलुकला, तर बल्ब बदलत बसू नये. परतीची वाट तुटली आहे आणि वीज शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून मार्ग काढते आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

हेडलाइटसाठी जीपला लागणारा ७ इंची गोल दिवा आणि एच४ बल्ब सर्वत्र मिळतो. लो बीम ५५ वॉट आणि हाय बीम ६० वॉट, म्हणजे एका दिव्याला साधारण ५ अँपिअर. ही वीज डॅशबोर्डच्या स्विचमधून नेऊ नये. लो आणि हाय बीमसाठी एकेक रिले (थोड्या विजेने चालणारा, जास्त वीज जोडणारा स्विच) घ्यावा, त्याच्या ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीकडून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, ८७ वरून दिव्यांकडे, ८६ ला स्विच आणि ८५ ला अर्थिंग, अशी जोडणी करावी. डाव्या आणि उजव्या दिव्याला १० अँपिअरचा वेगवेगळा फ्यूज असावा. चोर्ला घाटात पावसाळ्यातले धुके उतरलेले असताना एकच फ्यूज गेला आणि दोन्ही दिवे एकदम विझले तर समोर दरीचा कठडासुद्धा दिसत नाही. वायर पातळ घेतली तर काय होते तेही लक्षात ठेवावे. हॅलोजन बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळाले की त्याचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. दिवा चालू ठेवून बॅटरीचे धन टोक आणि दिव्याचे धन टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा, अर्धा व्होल्टहून जास्त फरक दिसला तर जोड तपासावेत.

इंडिकेटरचे बल्ब २१ वॉटचे, पिवळ्या उजेडाचे, आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणारे असावेत. एलईडी इंडिकेटर लावले तर जुना फ्लॅशर, म्हणजे दिवा लुकलुकवणारा भाग, त्यांची कमी वीज पाहून बल्ब गेला असे समजतो आणि वेगाने टिकटिकतो, म्हणून त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा. हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब मात्र कृपया घालू नये. आरशाचा आकार फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो, आणि चुकीच्या जागेवरून आलेला उजेड समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो.

जोड सोल्डर करण्यापेक्षा चांगल्या पकडीने क्रिंप करून, म्हणजे धातूची टोपी दाबून बसवून, त्यावर आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. बॉडीतून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. दिव्याच्या मागे शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून येणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते आणि कनेक्टरमध्ये जात नाही. दिव्याच्या कडेला सीलंट लावायचे असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये, त्यातून सुटणारे आम्ल तांबे आणि आरशाचा मुलामा खाते. आम्लरहित सिलिकॉन मागून घ्यावे. आणि दिव्याच्या तळाचे बारीक भोक कधीही बुजवू नये. माझ्या मागच्या दिव्यांत दोन पावसाळे पाणी साठत राहिले ते मी हौसेने ते भोक बंद केले म्हणून.

उजेड जुळवणे

भारतात आपण डावीकडून चालतो, म्हणून लो बीमचा उजेड डाव्या कडेकडे वर चढणारा हवा. परदेशातून दिवे मागवताना हे नीट पाहावे. इंग्लंडचे दिवे चालतात, युरोपच्या मुख्य भूमीवरचे आणि अमेरिकेतले चालत नाहीत, ते उजवीकडे चढतात. युरोपीय नियमांच्या दिव्याच्या काचेवर, दिव्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर आपल्या उजवीकडे दाखवणारा बाण असेल, तर तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे.

चालकाच्या आसनावर ७५ किलोंचा माणूस किंवा तांदळाची पोती ठेवावीत, गाडी दोनदा दाबून स्प्रिंगवर मोकळी करावी आणि सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटर अंतरावर उभी करावी. दोन्ही दिव्यांच्या मध्यांची उंची भिंतीवर खडूने आखावी. संध्याकाळी लो बीम लावल्यावर उजेडाची सपाट वरची कडा त्या रेषेच्या ५ ते ७.५ सेंटिमीटर खाली यावी, आणि कडा जिथे डावीकडे वर वळते तो बिंदू दिव्याच्या मध्याच्या सरळ समोर यावा. एक दिवा झाकून दुसरा जुळवावा. हाय बीम त्याच बल्बमधून येत असल्याने तो आपोआप जुळतो.

यानंतर दिवे आणि फायबरचे भाग पुन्हा उतरवून ते भाग रंगाला द्यावेत, आणि रंग झाल्यावर त्याच खुणांवर चढवावे. चढवल्यावर बागेची नळी घेऊन दहा मिनिटे सर्व बाजूंनी पाणी मारावे, प्रत्येक दिवा उघडून पाहावा, बैठकीखाली आणि मागच्या पेटीत पाणी कुठून शिरले ते कोरड्या वर्तमानपत्राचे तुकडे ठेवून शोधावे. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर फायबरचे सर्व बोल्ट तपासावेत, आवळण्याची गरज दिसली तरी रबरी वॉशर जरा दबेल इतकेच आवळावेत, आणि अर्थिंगचे दोन्ही बोल्ट दर वर्षी चवथीच्या आसपास पाऊस ओसरला की उघडून, घासून, नवे ग्रीस लावून बंद करावेत.